न नेलेल्या फोटोंचं खोकं

हत्तीचं डोकं विकायला काढलंय हे मला मेथी निवडताना कळलं. आमच्या आचोळ्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जाहिरात टाकली होती. हायवेपलीकडचं ते जुनं पार्क, जे बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली, त्याच्या सगळ्या वस्तू कामणच्या एका गोडाऊनमध्ये आणून ठेवल्यात आणि रविवारी त्यांची विक्री आहे, 'संग्राहकांसाठी खास संधी'. खाली फोटो होते. आकाशपाळण्याचा एक पाळणा, तिकीटखिडकीची पाटी, लाकडी माकडं, आणि मधोमध ते डोकं. एक कान फाटलेला, सोंडेवरचा रंग उडालेला. मी मेथीची जुडी तशीच ताटात टाकली आणि उठले. नवऱ्याने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, पण मला बसवेना.

त्या डोक्याच्या आत मी साडेतीन वर्षं काढलीत. हो, मीच. लाल जाकीट घातलेला, गेटवर उभा राहून पोरांचे हात हातात घेणारा, वाढदिवसाच्या केकजवळ नाचणारा पार्कचा तो हत्ती म्हणजे मी. इकडच्या कितीतरी घरांतल्या जुन्या आल्बममध्ये मी आहे आणि एकालाही त्याचा पत्ता नाही. नवऱ्याला लग्नानंतर सांगितलं तेव्हा तो दोन दिवस हसत होता. मग मी त्याला असं काही ऐकवलं की पुन्हा तो विषय निघाला नाही. वटारला, माझ्या माहेरी, मात्र कधीच सांगितलं नाही. तिथे मी पार्कात तिकिटं फाडत होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

डोकं मला नकोच होतं. फुकट दिलं तरी घरात घेतलं नसतं. माझं लक्ष गेलं ते जाहिरातीच्या तळाच्या ओळीकडे. 'फोटोखिडकीवरची न नेलेल्या फोटोंची खोकी, तारखेनुसार लावलेली.' त्या खोक्यांत कुठेतरी माझा आणि माझ्या बाबांचा फोटो असायला हवा होता. आमच्या दोघांचा शेवटचा, आणि त्या अकरा वर्षांतला एकमेव. बुधवार ते रविवार मी घरात नुसती इकडून तिकडे फिरत होते. आमटीत मीठ दोनदा पडलं.

अकरा वर्षं म्हणजे आमच्या अबोल्याची वर्षं. झालं असं की साखरपुडा झाल्यावर, लग्न दोन महिन्यांवर आलेलं असताना, मी नाही म्हटलं. मुलगा वाईट नव्हता. उगाच त्याच्यावर कशाला ढकलू? मला नको होता, बस. पण मी ते घरात आईच्या कानात नाही सांगितलं. मुलाकडची माणसं मानपान ठरवायला आली होती, ओटीवर गावातली चार वडीलधारी बसली होती, त्यांच्यासमोर सांगितलं. माझं तोंड पहिल्यापासूनच असं. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. पाहुण्यांना हात जोडले, फाटकापर्यंत सोडायला गेले, परत आले, पाय धुतले. आणि त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत.

आता अबोला म्हणजे घर सोडलं, ताट वेगळं केलं, असलं काही नाही. एकाच घरात राहायचं, एकाच पंगतीला बसायचं. फक्त बोलायचं ते मधल्या माणसाकडून. 'तिला सांग, भात घे म्हणावं.' 'तिला विचार, उद्या किती वाजता निघणार.' मी समोर दोन हातांवर बसलेली असायचे. आई बिचारी माझ्याकडे मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायची, आणि मी आईकडे बघून उत्तर द्यायचे. आमच्या घरची बोली वेगळी आहे, ती इथे लिहीत नाही, लिहिली तर तुम्हाला कळायची नाही. पण आमच्या बोलीत काय किंवा पुस्तकातल्या मराठीत काय, 'तिला सांग' हे एकदा सुरू झालं की ते मोडायला कुणालातरी कमीपणा घ्यावा लागतो. आम्ही दोघंही तसलेच, आडमुठे. ते केळीच्या बागेत जायचे, पानवेलींच्या मांडवात दिवस काढायचे. मी वैतागून नोकरी शोधली.

नोकरी तिकीटखिडकीचीच मिळाली होती. पण दुसऱ्याच महिन्यात हत्तीतला माणूस सोडून गेला, आणि त्या वेषात बसेल इतकं उंच त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. मी पाच फूट आठ इंच. या उंचीवरून स्थळांनी आमचं डोकं उठवलं होतं, इथे तीच कामाला आली. पगारही जरा बरा होता. घरी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आधीच ओटीवरचा तमाशा गावाला पुरून उरला होता. त्यात ही मुलगी सोंग घेऊन परक्या माणसांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढते, हे कळलं असतं तर बाबांना बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली असती. आई रोज माझे घामाने चिंब कपडे धुवायला टाकताना म्हणायची, त्या खिडकीत पंखा नाही का गं. नाही म्हणायचे.

हत्तीचे नियम होते. पोरांसमोर डोकं काढायचं नाही. फोटोत दोन्ही हात दिसले पाहिजेत. वीस मिनिटं बाहेर, वीस मिनिटं आत. आणि सगळ्यात मोठा नियम, बोलायचं नाही. पोर रडलं, पडलं, कुणी लाथ मारली, तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. हत्ती बोलत नाही. माझ्यासारखीला हा नियम, विचार करा.

अबोल्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मी गेटच्या आतल्या गोल बागेपाशी उभी होते. ऊन मी म्हणत होतं. आणि समोरून बाबा आले. पांढरा शर्ट, लेंगा, काखेत छत्री, आणि बोटाला धरलेली माझी भाची, दादाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. मला कुणी सांगितलं नव्हतं ते येणार म्हणून. सांगणार कोण? त्यांनी आधी तिकीटखिडकीकडे बघितलं. दोन्ही खिडक्यांत डोकावून बघितलं, छत्री टेकून थोडं थांबले. मला शोधत असतील असं तेव्हा वाटलं. मग भाची हत्ती हत्ती करत माझ्याकडे धावली आणि ते तिच्या मागे आले.

माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन ते उभे राहिले. दोन वर्षांत इतक्या जवळून त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं नव्हतं. मी भाचीला हात दिला, सोंड हलवली, जे रोज करायचे ते केलं. बाबा बघत राहिले. बराच वेळ. मग भाचीला म्हणाले,

"हत्तीला सांग, एवढं उन्हात उभं राहू नकोस म्हणावं. सावलीत जा, पाणी पी."

भाचीने माझ्याकडे मान वळवून सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाणी पी म्हणाली. मी आत उभी होते, घाम डोळ्यांत जात होता. लहान पोराशी खेळताना आजोबा असं बोलतातच, हत्तीला टाटा कर, हत्तीला पापा दे. त्यात काय? पण तो सूर. तो सूर मी दोन वर्षं रोज ताटावर ऐकत होते.

तेवढ्यात फोटोवाला आला. आमच्याकडे अशी पद्धत होती की फोटोवाला विचारायचा नाही, सरळ काढायचा आणि नंबरची चिठ्ठी हातात द्यायचा. संध्याकाळी गेटजवळच्या खिडकीत फोटो तयार. आवडला तर पैसे द्या आणि न्या, नाहीतर राहू द्या. राहिलेले फोटो त्या त्या तारखेच्या गठ्ठ्यात बांधून खोक्यात जायचे. त्याने एक फोटो काढला. भाचीने नेमके डोळे घट्ट मिटले. म्हणून तो म्हणाला, आणखी एक. तोवर भाची फुगेवाल्याकडे पळाली. बाबा तिच्या मागे जातील असं मला वाटलं. नाही गेले. त्यांनी छत्री खाली ठेवली, हात वर केला आणि माझ्या खांद्यावर टाकला. कळायला लागल्यापासून बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवलेला मला आठवत नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही. फोटो निघाला, त्यांनी चिठ्ठी घेतली, छत्री उचलली आणि गेले.

त्या रात्री जेवताना भाचीने हत्तीचं पुराण लावलं. आईने विचारलं, फोटो काढला का? बाबा ताटात बघत म्हणाले, काढला, पण आणला नाही, पोरीने डोळे मिटले. मी भात कालवत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. दुसरा फोटो चांगला आला असणार ना! त्यात कुणी डोळे मिटले नव्हते. तोही नाही आणला. म्हणजे त्यांना काही माहीत नाही, ते नुसतं आजोबांचं बोलणं, आणि मी वेडी दुपारपासून हवेत होते.

दुसऱ्या दिवशी फोटोखिडकीवर जाऊन मी तो फोटो मागू शकले असते. ओळखीचा माणूस होता, दिला असता. नाही मागितला. त्यांना नको तर मला कशाला हवा? हे असं माझं. पुढे मी लग्न केलं, माझ्या पसंतीने, रत्नागिरीकडच्या पण आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहिलेल्या माणसाशी. बाबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले, फोटोला काही उभे राहिले नाहीत, आणि आईला म्हणाले, तिला सांग, सुखाने राहा म्हणावं. आई गेली तेव्हाही आम्ही एकमेकांशी बोललो नाही, मधलं माणूसच गेलं होतं. मग वहिनी मध्ये आली. ते आजारी पडले, पंधरा दिवस अंथरुणावर होते, मी रोज वटारला जाऊन उशाशी बसायचे. ते छताकडे बघायचे, मी त्यांच्या हाताकडे. गेले त्या दिवशी मी पोचले तोवर त्यांना आंघोळ घालून कापडात बांधलेलं होतं. मी नुसता चेहरा पाहिला.

तर तो फोटो. त्यांनी नेला नव्हता, म्हणून तो खोक्यात असणार, हा माझा सरळ हिशोब.

रविवारी सकाळीच कामण गाठलं. मोठं पत्र्याचं गोडाऊन, बाहेर टेम्पो लागलेले, आत पंख्यांचा घरघराट. आणि माणसं कोण, तर सगळी हौशी. एक मुलगी पार्कची जुनी तिकिटं भिंगाखाली धरल्यासारखी डोळ्याला लावून बघत होती. वांद्र्याचा एक हॉटेलवाला हत्तीचं डोकं भिंतीवर टांगायला घेऊन चालला होता, माझ्यासमोरच दोघांनी ते कापडात गुंडाळलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, डोळे भरतील. छे. सुटलं बिचारं असंच वाटलं. मी खोकी कुठे आहेत विचारलं. गोडाऊनवाल्याने हात दाखवला. ती गेली, म्हणाला. सगळी एका साहेबांनी घेतली.

साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. पंचेचाळिशीचे, डोंबिवलीचे, बँकेत नोकरी, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात पांढरे सुती मोजे. लहानपणी एकदा शाळेच्या सहलीला ते या पार्कात आले होते, आणि तेव्हापासून पार्कचं जे मिळेल ते जमवत होते. मी म्हटलं, एका दिवसाचे फोटो बघायचे आहेत, त्यात माझ्या वडिलांचा एक आहे. ते म्हणाले, ताई, गठ्ठे सोडता येणार नाहीत, क्रम बिघडतो, मी घरी नेऊन सगळं लावून मग सांगतो. कधी? वर्षभरात. माझं डोकंच फिरलं. वर्षभर? मी म्हटलं, अहो, त्या फोटोत मीसुद्धा आहे. ते म्हणाले, मग ओळखायला सोपं जाईल, तुमचा तेव्हाचा एखादा फोटो पाठवून ठेवा.

"माझा चेहरा दिसत नाही त्यात," मी म्हटलं. "मी हत्ती आहे."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अगदी सौम्यपणे, शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं की हत्तीच्या वेषात कायम पुरुष असत, याची त्यांच्याकडे माहिती आहे, पार्कच्या एका जुन्या मॅनेजरने त्यांना स्वतः सांगितलंय. आता मला सांगा, माझ्यासारखीने काय करावं? मी म्हटलं, तुमच्या मॅनेजरला विचारा, हत्ती बघायचा कुठून? ते म्हणाले, डोळ्यांतून. मी म्हटलं, डोळे बंद होते, आतून फायबर. आम्ही बघायचो तोंडातून. खालच्या ओठामागे काळी जाळी होती, म्हणून हत्ती नेहमी मान वर करून चालायचा. ऐट नव्हती ती, पुढचं दिसत नसे.

ते उठले. डोकं टेम्पोत चढवत होते तिथे जवळजवळ धावतच गेले, त्या लोकांना गुंडाळलेलं सोडायला लावलं आणि आत वाकून बघितलं. परत आले तेव्हा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. खिशातून मोज्यांचा दुसरा जोड काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, घाला, आणि तारीख सांगा. तारीख मला पाठ होती.

खोकं सापडायला अर्धा तास लागला, गठ्ठा सोडवायला आणखी पाच मिनिटं. रबर वितळून फोटोंना चिकटलं होतं. प्रत्येक फोटोच्या पाठीवर नंबरचा शिक्का. ते एकेक उलटत होते, सावकाश, कडेला धरून, आणि मला त्यांच्या हातातून गठ्ठा हिसकावून घ्यावासा वाटत होता. अनोळखी लोकांच्या गळ्यात हात घातलेली मी, एकामागून एक. एक हिरवा चुडा भरलेली नवी नवरी, ती मला आठवली, बाबांच्या आधीची. पुढचा फोटो बाबांचा होता.

भाचीचे डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. बाबा तिच्यामागे, छत्री काखेत, आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. हे मला माहीत नव्हतं, जाळीतून कडेचं दिसायचं नाही. मी तो फोटो हातात धरून बसले, आणि मग म्हटलं, पुढचा दाखवा, याच्या पुढचा. त्यांनी पुढचा काढला. सारखे शर्ट घातलेले दोन जुळे भाऊ. तो नाही म्हटलं, मधला एक आहे. त्यांनी दोन्ही फोटो उलटे करून माझ्यापुढे ठेवले. मधला नंबर नव्हता.

"नेला असेल," ते म्हणाले. "जो नाही तो नेलेला. इथे फक्त राहिलेलेच असतात."

मी म्हटलं, पडला असेल कुठे. त्यांनी माझ्यासमोर सगळा गठ्ठा पुन्हा मोजून नंबर लावला, आजूबाजूचे दोन गठ्ठेही बघितले. नव्हता. नातीचा फोटो बाबांनी तिथेच राहू दिला आणि ज्यात नात नाही असा, नुसता त्यांचा आणि हत्तीचा फोटो, पैसे देऊन नेला. आणि घरी येऊन ताटावर बसून खोटं बोलले. माझे बाबा, जे केळीचा घड विकतानाही डाग असलेला आधी दाखवायचे, ते खोटं बोलले. साहेबांनी मला नातीचा फोटो देऊन टाकला. त्याच्या जागी कागदाची एक पट्टी लिहून घातली, 'ही प्रत हत्तीने नेली', आणि मला म्हणाले, कधी वेळ असेल तर बोलायला याल का? येईन म्हटलं. पण तेव्हा माझं लक्षच नव्हतं. बाबांचं कपाट मीच आवरलं होतं, प्रत्येक कागद बघितला होता. पावत्या होत्या, आईची पत्रिका होती, फोटो नव्हता. मग गेला कुठे?

घरी न जाता मी तशीच वटारला निघाले. कामणहून वटार म्हणजे रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. पूर्ण वेळ मी सीटच्या कडेवर बसले होते. त्यांनी फाडून टाकला असेल. नेला आणि मग राग येऊन फाडला असेल, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. किंवा त्यांना खरंच तो हत्ती आवडला असेल आणि फोटो कुणा मित्राला दाखवायला दिला असेल. असं एकेक सुचत होतं आणि एकही पटत नव्हतं.

वहिनी मागच्या पडवीत तगरीच्या कळ्या निवडत बसली होती, दादरच्या फुलबाजारात पाठवायला. दादा बाहेर गेला होता. मला बघून म्हणाली, अशी घामाघूम होऊन कुठून आलीस, पाणी तरी पी. मी पाणी न पिता पर्समधून फोटो काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. ती हसली. आपल्या लेकीचे मिटलेले डोळे बघून म्हणाली, अगं बाई, हा कुठे मिळाला? तेव्हाही अशीच करायची ती. मी म्हटलं, वहिनी, अजून एक होता. यात ती नव्हती. नुसते बाबा आणि हत्ती. तू कधी पाहिलास?

तिचं हसू गेलं. तिने कळ्यांचं सूप बाजूला सरकवलं. म्हणाली, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही, तू सांग.

तिने मग सगळं सांगितलं, थांबत थांबत. शेवटच्या आठवड्यात, मी निघून गेल्यावर, बाबांनी तिला उशीच्या अभ्र्याच्या आत हात घालायला सांगितलं. आत तो फोटो होता, कडा झिजून गोल झालेल्या. म्हणाले, हा माझ्याबरोबर जाऊ दे, छातीवर ठेव, वरून कापड घे, कुणाला दाखवत बसू नको. तिने तसंच केलं. आंघोळ घातल्यावर, माणसं बाहेर गेल्यावर, कापडाच्या आत ठेवला. दादालासुद्धा नाही सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं.

"कसं सांगू गं?" ती म्हणाली. "म्हणाले, माझा आणि माझ्या पोरीचा फोटो आहे. दोनदा म्हणाले. आणि त्यात तर हत्ती होता. मला वाटलं, ताप डोक्यात गेला, भ्रम झाला. आयुष्यभर एवढा डोक्याने धड माणूस, शेवटी हत्तीला मुलगी म्हणाला, हे चार लोकांत कशाला जायला हवं? तुला तर मुळीच नको. तुला आणखी लागलं असतं."

बोलायला मी कधी कमी पडले नव्हते, त्या पडवीत पडले. सोळा वर्षं वहिनीने माझ्या बाबांची लाज राखली होती. माझ्यापासून. आणि ती राखायची वेळ तिच्यावर आणली होती मी, एक साधी गोष्ट घरात न सांगून. सांगितली असती तर तिला त्याच क्षणी कळलं असतं. तिने मला त्याच रात्री फोन केला असता आणि मी आचोळ्याहून धावत आले असते. ते आणखी चार दिवस जिवंत होते. मी रोज उशाशी बसत होते. त्या उशीला हात लावून बसत होते.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या हत्तीत मी होते."

तिला आधी कळलंच नाही. मला पुन्हा सांगावं लागलं, तिकीटखिडकी नव्हती, मी हत्ती होते, साडेतीन वर्षं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी रडत होते आणि मला भयंकर राग येत होता. त्यांच्यावर, माझ्यावर, दोघांच्या त्या मेल्या ताठ मानेवर. मला त्यांच्याशी कडाकडा भांडायचं होतं. माहीत होतं तर बोलला का नाहीत, एवढंच विचारायचं होतं, सरळ तोंडावर, मध्ये कुणी नको.